एका एरियलचा मूळ पाठ

जुनी मोटार पाहायला गेलेला मनुष्य इंजिनाचा आवाज ऐकतो, रंगावरून हात फिरवतो, चाकाला लाथ मारून पाहतो. पण एरियलकडे त्याचे लक्ष जात नाही. एरियल मोडली म्हणजे तिच्या जागी सायकलीची तार खोचून वेळ भागवणारे महाभाग आपण सर्वांनीच पाहिले आहेत. तरीही जुन्या मोटारींच्या खऱ्या शौकिनांची झोप उडवणारी वस्तू कोणती म्हणाल, तर हीच.

अमेरिकेत १९६४ साली पाँटियाक जीटीओ ही गाडी निघाली आणि दांडग्या इंजिनाच्या मोटारींचे, ज्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात त्यांचे, युग सुरू झाले. त्या काळी रेडिओ हा ऐच्छिक साज होता. ज्याने तो घेतला नाही, त्याच्या मडगार्डला एरियलचे भोकच नसे. पुढे १९६९ च्या पाँटियाक ग्रँड प्रीमध्ये तर दांडी जाऊन एरियलची तार समोरच्या काचेतच दडली. तेव्हा गाडी कोणत्या सालची, रेडिओ मुळात होता की नाही, दांडी अखंड की ओढून लांब करायची, या प्रश्नांवर तिकडचे शौकीन हस्तलिखितावर भांडणाऱ्या पंडितांच्या आवेशाने वाद घालतात.

आमच्या जालन्यात असल्या गाड्या कोठून येणार? पण न्याय तोच, हे मला एका फियाटने शिकवले. गाडी १९५७ सालची. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट ११००. गुबगुबीत अंगामुळे लोकांनी जिला लाडाने 'डुक्कर फियाट' म्हटले, तीच ही. मालकीण म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या आमच्या ताई. गाडी त्यांच्या वडिलांची. वडील डॉक्टर, खेड्यापाड्यांतले रोगी पाहायला ते हिच्यातूनच जात. ते गेल्यावर गाडी वर्षानुवर्षे गोठ्याशेजारी उभी होती. पुण्याच्या भाच्याने ती दुरुस्त करायला घेतली, तेव्हा ताईंनी एकच अट घातली, "बाबांच्या वेळी होती तशी झाली पाहिजे."

अट साधी, पण तिने सगळ्यांना कामाला लावले. भाच्याने समोरच्या मडगार्डवर बसवायची लांबलचक, चकचकीत एरियल आणली होती. मिस्त्री ड्रिल हातात घेऊनच थबकले. म्हणाले, "सर, तुम्ही जुन्या पोथ्या बघता ना? मग जरा हा पत्रा वाचा. भोक एकदा पाडलं की पाडलं."

पत्रा वाचायचा म्हणजे काय, ते मिस्त्रींनीच दाखवले. उजव्या मडगार्डवर एक बुजवलेले भोक होते. भाचा म्हणाला, "झालं तर! मूळ जागा हीच." पण मिस्त्रींनी डाव्या बाजूचा, बॉनेट आणि दार यांच्यामधला पत्रा घासला, तेव्हा झाळ देऊन बुजवलेली आणखी दोन बारीक भोके एकाखाली एक निघाली. म्हणजे पाठभेद आला! आता आधीचा पाठ कोणता?

उत्तर रंगाच्या थरांत होते. गाडीला दोनदा रंग दिलेला. डावीकडची झाळ दुसऱ्या रंगाच्या खाली गेलेली. उजवीकडच्या भोकाच्या काठावर मात्र दुसरा रंगही टवका उडून तुटलेला. म्हणजे डावीकडची दोन भोके आधी बुजली, मग गाडी रंगली आणि त्यानंतर कोणीतरी उजवीकडे छिद्र पाडले. आतल्या बाजूला डावीकडेच, केबल जाण्यापुरती रबराची वाळून कडक झालेली बांगडीही सापडली.

साक्षीदार ताईच होत्या. त्या म्हणाल्या, "मी बाबांच्या शेजारी डावीकडे बसायची. एरियल वर करायचा मान माझा. तीन कांड्या होत्या. गाडी उभी केली की बाबा स्वतः ती खाली दाबत, नाहीतर पोरं वाकवून ठेवत." दोन आधारांवर बाजूला उभी राहणारी, तीन कांड्यांची एरियल! पत्र्याने जे सांगितले, तेच ताईंच्या हाताला आठवत होते.

एवढ्यात भाच्याच्या हाती कपाटातून पोस्टाचा रेडिओ-परवाना लागला. रेडिओ बाळगायला त्या काळी परवाना लागे. ती पद्धत १९८० च्या दशकात संपली. परवान्यातली पहिली नोंद १९५९ ची. भाच्याने लगेच मुद्दा काढला, "म्हणजे गाडी कंपनीतून निघाली तेव्हा एरियल नव्हतीच. मूळ म्हणायचं तर काहीच लावू नये!"

मुद्दा खोटा नव्हता. जुन्या गाडीचे 'मूळ' म्हणजे नेमके काय? सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी नियम केले. त्यांत सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत भारी फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. पण नियम एरियलच्या आठवणी कोठे जपतो? मला आमच्याच शेजारचे, पैठणचे नाथमहाराज आठवले. १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती मागाहून शिरलेले अशुद्ध पाठ दूर करून. आपल्याला अधिक सुंदर वाटेल ते घालणे हे शुद्धीकरण नव्हे. भाच्याची लांब दांडी सुंदर होती. पण ती कोणत्याच काळी या गाडीची नव्हती.

ताईंनी निकाल दिला तो याहून सोपा. "अरे, कंपनीची गाडी पुष्कळांकडे असेल. बाबांची एकच होती."

मग शोध सुरू झाला. मुंबईचा चोरबाजार झाला, लॅमिंग्टन रोडवरची रेडिओची दुकाने झाली. जे मिळे ते मडगार्डचे. शेवटी वस्तू सापडली ती जालन्यातच. आमच्या गावाची ख्याती बियाण्यांची, तशीच लोखंडाची. येथल्या कारखान्यांत भंगार वितळवून सळया होतात. पितळ मात्र त्या भट्टीच्या कामाचे नाही, म्हणून निवडणारे ते बाजूला टाकतात. मिस्त्रींनी दोन्ही भोकांमधले अंतर कागदावर छापून घेतले होते. तो कागद खिशात घेऊन ते भंगाराच्या आडतीवर फिरत. एका पोत्यातून पितळी नळ्यांवर क्रोम चढवलेली, दोन आधारांची, तीन कांड्यांची एरियल निघाली. कागदावर ठेवली, छिद्रावर छिद्र बसले. किंमत ठरली ती पितळेच्या वजनाने.

भाचा अजून थोडा साशंक होता. एवढ्याशा दांडीने काय ऐकू येणार? येथे थोडे शास्त्र सांगावे लागेल. मध्यम लहरींवर हजार किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरीची लांबी ३०० मीटर. तिच्या पाव लांबीची, म्हणजे उत्तम एरियल हवी तर ७५ मीटरांची. मग फियाटवर पंचवीस मजली मनोराच बांधावा लागेल. एफएमची लहर तीन मीटरांची, तिला पाऊण मीटर पुरतो. तेव्हा मध्यम लहरींसाठी मोटारीची एरियल नेहमीच तोकडी. ती उणीव भरून काढतात दोन गोष्टी. एक म्हणजे एरियलची खास केबल. तिच्यातली तार बारीक असते आणि भोवती पोकळी राखलेली असते. साधी केबल जोडली तर आलेला क्षीण संदेश वाटेतच जिरतो. दुसरी म्हणजे रेडिओला असलेला छोटा जुळणीचा स्क्रू. १४०० किलोहर्ट्झजवळचे एखादे मंद केंद्र लावून, आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत तो हलके फिरवायचा. एरियल बदलली की ही जुळणी पुन्हा करायची. ती न करताच पुष्कळ लोक रेडिओला शिव्या देतात.

आता मध्यम लहरींवरची आपली कित्येक प्रक्षेपणे बंद झाली आहेत. म्हणून मिस्त्रींनी रात्र निवडली. सूर्य मावळला की वातावरणातला, या लहरी शोषून घेणारा खालचा थर विरतो आणि दूरची केंद्रे वरच्या थरावरून परावर्तित होऊन पोहोचतात. डॉक्टरांचा जुना रेडिओ एका जाणत्या कारागिराने आधीच बोलता केला होता. मिस्त्री स्क्रू फिरवीत होते. खरखर, शिटी, पुन्हा खरखर, आणि मग अनोळखी भाषेतला, पण स्पष्ट मानवी आवाज.

भाषा आम्हांला कोणालाच कळली नाही. ताई डावीकडे बसल्या होत्या. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि न पाहता एरियलची तिसरी कांडी ओढून वर केली. पुढच्या आठवड्यात उजव्या मडगार्डावरचे उपरे भोक मिस्त्रींनी पत्र्याचा तुकडा जोडून कायमचे बुजवले. भाच्याने ती लांब, चकचकीत दांडी परत केली नाही. गाडीच्या डिकीत, कापडात गुंडाळून ठेवली आहे. असू द्या. टाकून दिलेले पाठही कोठेतरी जपून ठेवायचे असतात. फक्त ते ग्रंथात शिरता कामा नयेत.