एकाच तक्त्यातील पॅनेलचे दार

कपाटाच्या दारास भोवती चौकट आणि मध्ये खोलगट पॅनेल असले म्हणजे ते उठून दिसते. परंतु हा घाट केवळ शोभेकरिता निघालेला नव्हे. लाकूड दमट हवेत फुगते व कोरड्या हवेत आकसते. हा फरक तंतूंच्या लांबीकडे नगण्य, पण आडव्या बाजूस चांगलाच जाणवतो. सबंध रुंद फळीचे दार पावसाळ्यात अडकावयाचे आणि उन्हाळ्यात तडकावयाचे! म्हणून जुन्या सुतारांनी अरुंद पट्ट्यांची चौकट जोडली व मधली फळी तिच्या खोबणीत, सरस न लावता, मोकळी बसविली. फळीने खुशाल फुगावे. दाराचे माप बदलू नये, ही त्यातील युक्ती.

एम्‌डीएफला या युक्तीची गरज नाही. लाकडाचा बारीक लगदा कृत्रिम राळेत मिसळून, उष्णता व दाब देऊन हा तक्ता करतात. त्यातील तंतूंस एक अशी दिशा नसल्यामुळे तो लांबीरुंदीस फारसा हलत नाही. तेव्हा 18 मिलिमीटर जाडीच्या एकाच तक्त्यात मधला भाग सुमारे 6 मिलिमीटर कोरला की पॅनेलचा भास होतो. सांधाच नसल्याने सांध्यावरील रंगही फुटत नाही.

हे कोरीवकाम सीएनसी राउटर करतो. आकड्यांच्या आज्ञेने चालणारे मिलिंग यंत्र अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने 1952 साली दाखविले. हा राउटर त्याच कुळातला. संगणकात मापे भरली की फिरते पाते ठरल्या वाटेने जाते आणि दहावे दार पहिल्यासारखेच उतरते. मात्र पाते गोल असल्याने आतले कोपरेही गोल राहतात. ते काटकोनी हवे असल्यास टोकदार पाते कोपऱ्यात हळूहळू वर उचलीत न्यावे लागते, नाहीतर पटाशी हाती घ्यावी लागते.

आता गृहिणींनी ध्यानात ठेवावयाची गोष्ट. तक्त्याचा पृष्ठभाग घट्ट असतो, गाभा मऊ. कोरल्याने तो गाभा उघडा पडतो व रंग शोषून खरखरीत होतो. म्हणून आधी सीलर, मग घासणी आणि मगच रंग, हा क्रम चुकवू नये. दोन्ही बाजू व कडा सारख्याच बंद कराव्यात, नाहीतर दार वाकते. साधा एम्‌डीएफ पाण्याने फुगला की पूर्ववत होत नाही. मोरीखालच्या कपाटास तो न लावणेच शहाणपणाचे.

कारागिराचाही विचार हवा. हे काम करताना अतिशय बारीक धूळ उडते, आणि बहुधा या राळेत फॉर्माल्डिहाइड असते. 2004 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते मनुष्यास कर्ककारक ठरविले. धूळ ओढणारे यंत्र व तोंडावर योग्य मुखपट्टी यांवाचून हे काम आपल्या राहत्या घरात करवून घेऊ नये.

मोकळ्या पॅनेलचे कारण सरले, रूप तेवढे उरले. त्या रूपाला भुलून एम्‌डीएफला सागवानाचे मोल देऊ नये. आणि कोरड्या जागी, नीट रंगविलेले हे दार हलके समजून टाकूनही देऊ नये.