पुसलेली फाइल आणि प्रतीची मुदत

संगणकातून चुकून पुसली गेलेली फाइल परत मिळेल की नाही, हे दोन कालावधींवर अवलंबून असते : चूक ध्यानात येण्यास लागलेला काळ आणि राखीव प्रत जतन होण्याची मुदत. पहिला काळ दुसऱ्याहून अधिक झाला, की प्रत घेऊनही न घेतल्यासारखेच होते.

उदाहरणार्थ, गूगल ड्राइव्हवरील पुसलेली फाइल कचरापेटीत ३० दिवस राहते व नंतर आपोआप नष्ट होते. ऑक्टोबर २०२० पूर्वी अशी मुदत नव्हती. समजा, निकालपत्रकाची फाइल मेच्या आरंभी पुसली गेली आणि उन्हाळी सुटीनंतर जूनच्या मध्यास शाळा उघडल्यावर ते उमगले. तर ती मुदत केव्हाच उलटलेली असते.

रोज एकाच प्रतीवर नवी प्रत उतरविल्यानेही हा धोका टळत नाही. कारण आजची चूक उद्याच्या प्रतीत उतरते आणि कालची शुद्ध प्रत नाहीशी होते. यास्तव शिक्षकांनी दर महिन्याची प्रत निराळ्या नावाने वेगळ्या पेन ड्राइव्हवर घेऊन ती निदान वर्षभर ठेवणे इष्ट होय. सुटीवर जाण्यापूर्वी ती उघडून पाहावी. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हेच.