घर न सोडणारं सैन्य

सैन्यात भरती होणं म्हणजे घर सोडणं, हे आपण गृहीतच धरतो. पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या वायव्य टोकाला, अलास्कात, असं एक दल उभं राहिलं की त्यातल्या सैनिकाचं गाव हीच त्याची चौकी होती आणि शिकारीची नेहमीची वाट हीच त्याची गस्त. पगार म्हणाल तर शून्य! या दलाचं नाव ‘अलास्का टेरिटोरियल गार्ड’.

असं दल लागावं तरी का? याचं उत्तर अमेरिकेच्या संघराज्याच्या अजब रचनेत आहे. तिथे प्रत्येक राज्याचं स्वतःचं ‘नॅशनल गार्ड’ असतं. एरवी ते गव्हर्नरच्या हुकमतीत असतं; पण वेळ पडली की केंद्र सरकार ते आपल्याकडे घेऊ शकतं. म्हणजे संकट सर्वांत मोठं असतं, नेमकं तेव्हाच राज्याचं सैन्य राज्याच्या हाताशी नसतं! अलास्का तेव्हा राज्यही नव्हतं, तो केंद्राच्या अखत्यारीतला प्रदेश होता. राज्याचा दर्जा मिळाला १९५९ मध्ये. तरी १९४१ मध्ये तिथलं गार्ड केंद्रीय सेवेत गेलंच. मागे उरला भारताच्या निम्म्याहून मोठा मुलूख, दहा हजार किलोमीटरहून लांब किनारा आणि तो राखायला जेमतेम सत्तर-पंचाहत्तर हजार वस्ती.

जून १९४२ मध्ये जपानी विमानांनी अलास्कातल्या डच हार्बरवर बाँब टाकले आणि पाठोपाठ अल्यूशियन द्वीपमालेतली किस्का आणि अट्टू ही बेटं जपानच्या ताब्यात गेली. गव्हर्नर अर्नेस्ट ग्रूनिंग यांनी ठरवलं, आता गावकऱ्यांनाच उभं करायचं. या कामी त्यांना साथ मिळाली मेजर मार्व्हिन मार्स्टन यांची. विमान, होडी, कुत्र्यांची स्लेज, जे मिळेल त्यातून हा माणूस बर्फाळ किनाऱ्यावरची गावं पालथी घालत सुटला. व्हेलची कातडी आणि चरबी, म्हणजे ‘मुकतुक’, खाण्याच्या पैजेवरून पडलेलं ‘मुकतुक मार्स्टन’ हे नाव त्यांना जन्मभर चिकटलं.

१०७ वस्त्यांमधून ६,३६८ स्वयंसेवकांची नावं नोंदली गेली. युपिक, इनुपियाक, अल्यूट, अथाबास्कन, त्लिंगित, हायडा, शिवाय गोरे रहिवासी. विरळ वस्तीच्या भागात बारा वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत कोणीही चालत होतं. स्त्रियाही होत्या. लॉरा बेल्ट्झ राइट या बाईंनी तर नेमबाजीत ५० पैकी ४९ गोळ्या बरोबर मध्यावर मारल्या होत्या! हातात बंदुका मात्र पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या, १९१७ च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफली.

पण या दलाचं खरं बळ बंदुकीत नव्हतंच. कुठला बर्फ माणसाचं वजन पेलतो, वादळ कधी फिरतं, धुक्यात किनारा कसा ओळखायचा, हे त्यांना कोणत्याही छावणीत शिकवावं लागणार नव्हतं. ते समुद्रावर आणि आकाशावर पाळत ठेवत, पडलेल्या विमानांतले वैमानिक शोधून आणत, वाटांवर अडल्यानडल्यांसाठी शिधा पुरून ठेवत, धावपट्ट्यांवरचा बर्फ दाबून घट्ट करत. या मुलखात सामरिक महत्त्वाचं प्लॅटिनम निघत होतं आणि सोव्हिएत रशियाला द्यायची हजारो अमेरिकन लढाऊ विमानं अलास्कामार्गेच जात होती. त्या साऱ्याची राखण करणाऱ्यांत हे बिनपगारी लोकही होते.

आणि त्याच काळात अलास्कात मूळ रहिवाशांना प्रवेश नाकारणाऱ्या पाट्या दुकानांवर झळकत होत्या. ज्या मुलखाची राखण करायची, तिथल्याच दारातून परत फिरायचं! या भेदभावाविरुद्ध मूळ रहिवाशांच्या संघटना लढल्या आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये ग्रूनिंग यांनी भेदभावबंदीच्या कायद्यावर सही केली. गार्ड मात्र १९४७ मध्ये मोडीत निघालं. त्यातल्या लोकांची सेवा माजी सैनिकांची सेवा म्हणून केंद्राने मान्य केली ती थेट २००० सालच्या कायद्याने. तोवर अनेकजण हयात नव्हते.

राज्याच्या स्वतःच्या दलाची ही कल्पना मात्र संपली नाही. अमेरिकन केंद्रीय कायद्याच्या बत्तिसाव्या भागातलं १०९ वं कलम राज्यांना नॅशनल गार्डखेरीज वेगळं संरक्षण दल ठेवायला परवानगी देतं आणि बजावतं की हे दल केंद्राच्या सशस्त्र सेनेत ओढता येणार नाही. सक्तीची भरती आलीच तर त्यातला एखादा माणूस सुटणार नाही, पण दल म्हणून ते राज्याचंच राहील. केंद्राने स्वतःच स्वतःचे हात बांधून घेतले आहेत!

अलास्काच्या लष्करी संघटनेत आज चार अंगं आहेत: आर्मी नॅशनल गार्ड, एअर नॅशनल गार्ड, नौदल मिलिशिया आणि अलास्का राज्य संरक्षण दल. या शेवटच्या दलात एरवीची सेवा विनावेतन असते. राज्याने कामगिरीवर बोलावलं तरच पैसे मिळतात. सप्टेंबर २०२२ मध्ये मरबोक वादळाने पश्चिम किनारा झोडपला, तेव्हा मदतीला धावलेल्यांत या दलाचे स्वयंसेवक होते. रसद विमानाने आणता येते, माणसंही आणता येतात. त्या किनाऱ्याची पिढ्यान् पिढ्यांची जाण मात्र तिथे राहणाऱ्यांकडेच मिळते. ही गोष्ट मार्स्टन यांना १९४२ मध्येच कळली होती.