काचबिंदूचे थेंब : नेमाने आणि नेमके

काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. औषधाचे थेंब उरलेली नजर राखतात. म्हणूनच डोळा दुखत नसला, नीट दिसत असले, तरी थेंब आपल्या मनाने बंद करू नयेत.

हात धुऊन खालची पापणी हलकेच ओढावी व एकच थेंब टाकावा. बाटलीचे टोक डोळ्याला लागू देऊ नये. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा २ मिनिटे हलके दाबून धरावा. त्यामुळे औषध नाकावाटे रक्तात कमी उतरते. दुसरे औषध ५ मिनिटांनी घालावे.

टिमोलॉलच्या थेंबानेही दम्याच्या रोग्याला धाप लागू शकते. दमा किंवा हृदयविकार असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. दुसऱ्याची बाटली तर कधीच वापरू नये.