डबा बदला, डाळ सांडू नका!

पेन ड्राइव्ह भरला की आपण सगळ्यात आधी काय उडवतो? सगळ्यात मोठी फाइल! मीही तेच केलं, आणि त्यातून जे शिकले ते तुम्हाला फुकटात सांगते.

माझी आजी तुळजापूर तालुक्यातली. देवीची आराधी गाणी म्हणते. दोन वर्षांपूर्वी नवरात्रात मी एका छोट्या रेकॉर्डरवर तिच्या मेळ्याची गाणी रेकॉर्ड केली. सोबत संबळ, तुणतुणं आणि झांज. चाळीस मिनिटांची वेव्ह फाइल झाली ४२० एमबीची. होस्टेलवर आल्यावर तिची १२८ केबीपीएसची एमपी३ केली, ती फक्त ३८ एमबी. साध्या इअरफोनवर दोन्ही सारख्याच वाटल्या. मग काय, मूळ फाइल डिलीट!

पुढे एका सीनियर ताईने फ्लॅकबद्दल सांगितलं. "लॉसलेस असतं गं, क्वालिटी जात नाही." मी लगेच त्या एमपी३ची फ्लॅक करून टाकली. फाइल चांगली गलेलठ्ठ झाली आणि मला वाटलं, गेलेली क्वालिटी परत आली. पण ताकाचं कधी दूध होतं का?

आता थोडं इंजिनिअरिंग. सीडीच्या दर्जाच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजतात. प्रत्येक मोजमाप १६ बिटचं, आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार करा: सेकंदाला १४,११,२०० बिट, म्हणजे मिनिटाला जवळजवळ साडेदहा एमबी. वेव्ह फाइलमध्ये हे सगळे आकडे सहसा जसेच्या तसे लिहिलेले असतात.

फ्लॅक काय करतं? आपले सर हजेरी कशी घेतात ते आठवा. साठ जणांची नावं लिहिण्याऐवजी फक्त गैरहजर रोल नंबर लिहितात. त्यावरून पूर्ण हजेरी पुन्हा मांडता येते, एकही नाव चुकत नाही. फ्लॅकसुद्धा मागच्या आकड्यांवरून पुढचा आकडा काय असेल याचा अंदाज बांधतं आणि अंदाज कितीने चुकला तेवढंच लिहून ठेवतं. फाइल साधारण निम्म्यावर येते, पण उघडल्यावर मूळ आकडे बिट न् बिट परत मिळतात. अॅपलचं अॅलॅक याच जातीचं. फ्लॅकची पहिली पक्की आवृत्ती २००१ची. अॅलॅक २००४ मध्ये आलं आणि २०११ पासून ओपन सोर्स आहे. म्हणून वेव्हची फ्लॅक करा, फ्लॅकची अॅलॅक करा, पुन्हा वेव्ह करा, शंभरदा करा. डबा बदलतो, डाळ तेवढीच राहते. फ्लॅकमधल्या ० ते ८ या लेव्हलनेही फक्त फाइलचा आकार आणि लागणारा वेळ बदलतो, आवाज नाही.

एमपी३चं गणित वेगळं. माणसाच्या कानाला जे फारसं कळणार नाही ते ती सरळ टाकून देते. टाकलं ते टाकलंच. आणि आपलं संबळ नेमकं तिच्या अडचणीचं वाद्य! संबळाचा टोला एकदम येतो. कमी बिटरेटच्या एमपी३मध्ये त्या टोल्याच्या आधीच बारीकशी फरफर पसरते, तिला प्री-इको म्हणतात. झांजेची वरची झळाळीही जाते. मी ऑडॅसिटीमध्ये माझ्या फ्लॅकचा स्पेक्ट्रोग्राम काढला, तर १६ किलोहर्ट्झच्या वर चक्क काळी पट्टी. सुरीने कापल्यासारखी. नाव फ्लॅक, आत एमपी३!

बदल खरोखर लॉसलेस व्हायला हवा असेल तर एवढं सांभाळा:

१) सुरुवात मूळ लॉसलेस फाइलपासूनच करा.

२) सॅम्पल रेट आणि बिट डेप्थ आहे तेच ठेवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची फाइल १६ बिट, ४४.१ वर आणली तर फाइल फ्लॅक असली तरी माल कमी झालाच.

३) 'नॉर्मलाइज', 'व्हॉल्यूम वाढवा' असले पर्याय बंद ठेवा. त्याने आकडेच बदलतात.

४) ऑडॅसिटीमधून ३२ बिट फ्लोटची वेव्ह काढली असेल तर थांबा. फ्लॅक फ्लोट आकडे साठवत नाही, तिथे राउंडिंग होतं.

५) बदल झाल्यावर ताळा करा. फूबार२००० मध्ये बायनरी कम्पॅरेटर घालून दोन्ही फाइल्स ताडून बघता येतात. शिवाय फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाची एमडी५ खूण सहसा असतेच, ती तपासता येते. हा ताळा जमल्याशिवाय मूळ फाइलला हात लावू नका.

जात्यावरच्या ओव्यांचं काम तुम्ही ऐकलं असेल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आणि त्यातल्या कितीतरी बायकांच्या आवाजात रेकॉर्डही झाल्या आहेत. असा ठेवा सांभाळणाऱ्यांचा नियम सोपा असतो: मूळ प्रत लॉसलेस, आणि वाटायला हवी तर एमपी३. घरच्या गाण्यांना हाच नियम का नको?

मागच्या नवरात्रात मी पुन्हा रेकॉर्डर घेऊन गेले. आजी हौसेने बसली, सगळी गाणी म्हणाली. एक सोडून. त्याची दुसरी ओळ तिला काही केल्या आठवेना. मी तिला मोबाइलवर माझी एमपी३ ऐकवली. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "हां, हेच की गं. पण आता सूर न्हाई लागत."

ते एक गाणं माझ्याकडे १२८ केबीपीएसमध्येच आहे, आणि तसंच राहणार. मी त्याची फ्लॅक केलेली नाही. बाकीची गाणी फ्लॅकमध्ये, ताळा करून, दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर ठेवली आहेत.

आता सुट्टीत घरी जाल तेव्हा रेकॉर्डर घेऊन जा. आणि पेन ड्राइव्ह भरलाच, तर आधी पिक्चर उडवा!