मेंढीकोट ऑनलाइन : दोन गावांनी एकच डाव कसा खेळावा

आंजी (मोठी) इथं पत्त्यांवर व्याख्यान आहे म्हटल्यावर समोरच्या काही जणांच्या कपाळाला आठी पडलेली आम्हाला इथूनच दिसते आहे. ते बरोबरही आहे. आपल्याकडे पोळा आला की पत्ते आणि पैसा यांची गाठ पडते आणि घराघरात भांडणं लागतात. आजचा विषय पैशाचा नाही. पैशाकडे शेवटी येऊ. आधी मेंढीकोटकडे.

आमची अडचण साधी होती. चार माणसं आंजीत आणि चार पुण्यात नोकरीला. सगळे लहानपणापासून एकत्र खेळलेले. ‘गाव विरुद्ध पुणे’ असा सामना लावावा, एवढंच डोक्यात होतं. फोनवरचा एक तयार खेळ घेतला, दोन्हीकडची एकेक जोडी बसवली, रात्री दहा डाव खेळलो. हरलेली जोडी म्हणाली, “पत्तेच आले नाहीत.” दुसऱ्या रात्री निकाल उलटा लागला, तेव्हा तेच वाक्य दुसऱ्या जोडीनं म्हटलं. आणि खरं सांगायचं तर दोन्ही वेळा ते खोटं नव्हतं!

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार खेळाडू, समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. ५२ पत्ते, प्रत्येकाला १३. दश्शी म्हणजे मेंढी. चारपैकी तीन किंवा चार मेंढ्या ज्या जोडीनं ओढल्या ती जिंकली. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे सात किंवा जास्त हात झाले ते जिंकले. चारही आल्या तर मेंढीकोट, आणि तेराही हात केले तर बावन्नी. हुकूम कुठं झाकून ठेवतात, कुठं ‘कट हुकूम’ असतो, म्हणजे उतारीचा रंग ज्याच्याकडे पहिल्यांदा संपला त्यानं टाकलेल्या पत्त्याचा रंग हुकूम होतो. घरोघर बारीकसारीक फरक आहेत, त्यात आत्ता शिरत नाही.

आता नशिबाचा हिशेब बघा. तेरा पत्त्यांचा हात एकूण ६३,५०१ कोटी ३५ लाख ५९ हजार ६०० प्रकारांनी येऊ शकतो. एवढा मोठा आकडा ऐकून काही कळत नाही, म्हणून दुसरा सांगतो. दोन्ही जोड्यांना वाटणीतच दोन-दोन मेंढ्या येण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के आहे. म्हणजे शंभरातल्या ६१ डावांत एका जोडीकडे खेळ सुरू व्हायच्या आधीच तीन किंवा चार मेंढ्या असतात. हातात असणं आणि घरी आणणं यात फरक आहे, मान्य. राजा-एक्का नसेल तर मेंढी समोरच्याच्या पदरात पडते. तरी पलडा कुठं झुकलाय ते दिसतं ना? पारावर वर्षभर खेळलात तर हे बरोबरीला येतं. एका रात्रीच्या दहा डावांत येत नाही.

यावरचा उपाय जुना आहे आणि तो ब्रिजवाल्यांकडे आहे. ब्रिजच्या आधीच्या व्हिस्ट या खेळात लंडनमध्ये १८५७ साली एक प्रयोग झाला. तोच डाव दोन टेबलांवर खेळवायचा आणि जोड्यांच्या जागा उलट करायच्या. आमचे चार, तुमचे चार. पहिल्या टेबलावर आमची जोडी उत्तर-दक्षिण बसते आणि तुमची पूर्व-पश्चिम. दुसऱ्या टेबलावर नेमके तेच पत्ते, पण उत्तर-दक्षिणेला तुमची जोडी. चांगले पत्ते दोन्ही गटांना एकेकदा मिळाले. आता उरतो तो फक्त खेळण्यातला फरक.

हे घरीही करता येतं, चार पाकिटं लागतात. पत्ते मधे टाकायचे नाहीत. प्रत्येकानं आपला पत्ता आपल्यासमोर पालथा घालायचा, हात जिंकला तर उभा, हरला तर आडवा. डाव संपला की आपापले तेरा पत्ते पाकिटात आणि पाकिटं दुसऱ्या टेबलावर. ऑनलाइन हे फुकट होतं, कारण यंत्राला डाव लक्षात ठेवायला काही पडत नाही. तयार खेळात ही सोय नव्हती, म्हणून आम्ही आपला एक साधा प्रोग्राम लिहून घेतला.

मग गुणांचा प्रश्न आला. नुसतं ‘जिंकलं-हरलं’ धरलं तर दोन्ही टेबलांवर बहुधा उत्तर-दक्षिणच जिंकते आणि फरक शून्य. म्हणून बारीक माप हवं. आम्ही आधी मेंढीला ३ आणि हाताला १ गुण दिला, आणि फसलो. तीन मेंढ्या नऊ गुणांच्या; त्या तीनच हातांत आल्या तर बेरीज १२. समोर एक मेंढी आणि दहा हात, म्हणजे १३. मेंढीकोट जिंकणारा गुणांत हरला! हा आपला खेळच राहिला नाही. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. अगदी टोकाचा प्रसंग धरा, तीन मेंढ्या एकाच हातात सापडल्या आणि बाकी बाराही हात समोरच्यांचे. तरी तीन मेंढ्यावाला वर राहायला मेंढी ६ गुणांची हवी. १८ अधिक १ म्हणजे १९, समोर ६ अधिक १२ म्हणजे १८. एका गुणानं का होईना, परंपरेचा निकाल टिकला. एका डावात एकूण गुण ३७, विषम, त्यामुळे टेबलावर बरोबरी होत नाही.

उदाहरण घ्या. पहिल्या टेबलावर आंजीच्या उत्तर-दक्षिण जोडीनं तीन मेंढ्या, आठ हात केले, २६ गुण. पुण्याला ११. आंजीचे दोघे खूश, आम्हीही त्यांना शाबासकी दिली. दुसऱ्या टेबलावर त्याच पत्त्यांवर पुण्यानं चारही मेंढ्या आणि नऊ हात काढले, ३३ गुण. तिथल्या आंजीकरांना ४. बेरीज आंजी ३०, पुणे ४४. जिंकलेला डाव चौदा गुणांनी हरला होता. ज्या भिडूनं पहिल्या टेबलावर घाई करून एक्का आधीच काढला, त्याला कुठं चुकलं ते पहिल्यांदाच दिसलं. पारावर हे कधीच दिसलं नसतं. “आपण मूर्खासारखे खेळलो,” असं म्हणणारा पत्तेवाला आम्ही त्या रात्री प्रथम पाहिला.

एक नियम मात्र सोडावा लागला. हरणाऱ्या जोडीनं वाटत राहायचं, ही घरची शिक्षा इथं चालत नाही, कारण दोन टेबलांवर हरणारे वेगळे असू शकतात. पहिली उतारी कोणाची हे डावाच्या क्रमांकावरून ठरवायचं. झाकलेला हुकूमही तूर्त बाजूला ठेवला. तो कधी उघडायचा यावर दोन घरांचं एकमत झालेलं आम्ही पाहिलेलं नाही.

पिसण्याबद्दल बोलायला हवं. “कॉम्प्युटर वाईट पत्ते वाटतो” ही तक्रार पहिल्या दिवसापासून आली. कारण गमतीचं आहे. आपण डाव गोळा करतो तेव्हा एका हाताचे चार पत्ते बहुधा एकाच रंगाचे आणि एकत्र असतात. वरवर पिसलं आणि पाच-चार-चार असे गठ्ठ्यानं वाटले की एकाच्या हातात रंगांचे झुबके येतात. नीट पिसलेल्या कॅटमध्ये ते कमी येतात. म्हणजे वाईट पिसत होतो ते आपणच. पण प्रोग्राम लिहिणाराही चुकतो. तीन पत्ते घ्या, प्रत्येक जागचा पत्ता तीनपैकी कुठल्याही जागेशी बदला. वाटा झाल्या २७, क्रम शक्य आहेत ६. सत्तावीसला सहानं भाग जात नाही, म्हणजे काही क्रम जास्त वेळा येणारच. बरोबर पद्धत अशी : पहिल्या जागेसाठी तीनमधून एक, दुसऱ्यासाठी उरलेल्या दोनमधून, मग जो उरेल तो. तीन गुणिले दोन, सहा.

१९९९ मध्ये एका पोकरच्या खेळाची पिसण्याची रीत अमेरिकेतल्या संगणकतज्ज्ञांनी उघडी पाडली. कंपनीनं ‘बघा, आम्ही किती प्रामाणिक’ म्हणून ती रीत स्वतःच जाहीर केली होती. पिसण्याची सुरुवात घड्याळातल्या मध्यरात्रीपासूनच्या मिलिसेकंदांवरून होई, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त ८ कोटी ६४ लाख सुरुवाती. पाच पत्ते दिसले की पुढचे सगळे ओळखता येत.

आता खरा अवघड भाग : कोणाला काय दिसावं. दोन टेबलांवर एकच डाव म्हणजे एका टेबलाची बातमी दुसऱ्याला सोन्यासारखी. म्हणून सगळी टेबलं एकाच वेळी सुरू झाली पाहिजेत आणि निकाल सगळे डाव संपल्यावरच दाखवायचे. प्रेक्षकांना चारही हात दाखवायचे असतील तर उशिरा दाखवा. ब्रिजमध्ये २०२० साली, करोनामुळे सगळे ऑनलाइन गेले तेव्हा, नामवंत खेळाडूंनी दुसऱ्या नावानं प्रेक्षक बनून आपल्याच टेबलाचे पत्ते पाहिल्याची कबुली दिली. त्या खेळात १९७५ च्या जागतिक स्पर्धेत भिडूंच्या मधे पडदे लावले, तर टेबलाखालून पायानं खुणा केल्याचं प्रकरण उभं राहिलं. माणूस वाट काढतोच.

आपल्या खुणा साध्या : खाकरणं, भुवई, पत्ता आपटणं. फोनवर त्या जातात, पण वेळ बोलू लागतो. एकच पत्ता टाकण्याजोगा असेल तर तो झटकन पडतो, आणि समोरचा समजून जातो. म्हणून प्रत्येक पत्त्याला दोन-तीन सेकंदांचा सारखा विलंब ठेवा. दुसऱ्याचे पत्ते फोनवर पाठवून झाकून ठेवू नका, पाठवूच नका. आणि एका घरातल्या दोघांना भिडू करू नका. आमच्याकडे एका रात्री नवरा-बायको एकाच खोलीत भिडू बसले होते. त्यांनी काही केलं असं आम्ही म्हणत नाही. पण दोन मेंढ्या अशा काही वाचल्या की पुण्याची मंडळी गप्प झाली, आणि ती शांतता पुढचे दोन आठवडे गेली नाही. संशय आला की भरवशाचा माणूसही उठून जातो. आता व्हिडिओ सुरू ठेवतो, म्हणजे निदान खोटं बोलायला चेहरा लागतो.

वीज गेली, नेटवर्क गेलं तर? यंत्राला त्याच्या जागी खेळवू नका. पाच मिनिटं थांबा, नाहीतर तो डाव दोन्ही टेबलांवरून रद्द करा. यावर भांडण होतं, कारण रद्द झालेला डाव प्रत्येकाला आपणच जिंकत होतो असं वाटतं.

शेवटी पैसा. सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, हे सगळे सांगतात. पण संसदेनं २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा जो कायदा केला त्यात पैसे लावून, पैसे जिंकण्याच्या आशेनं खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी आहे, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. म्हणून कबड्डीसारखी प्रवेश फी गोळा करून रोख बक्षीस, हे इथं करू नका. आमच्याकडे हरलेला गट पुढच्या वेळी पुण्याहून येताना चिवडा आणतो किंवा आंजीहून संत्री पाठवतो. पहिल्या बैठकीला सोळा डाव ठेवा, त्याहून कमी नको. साधारण अडीच तास लागतात. ज्यांना नावं द्यायची आहेत त्यांनी भिडूसह द्यावीत, आणि भिडू दुसऱ्या घरातला असावा.