मुलगा सारखा आजारी पडतो, दोष आईचा?

मूल वारंवार आजारी पडू लागले की आपल्या वस्त्यांतून अजूनही पहिले बोट आईकडे जाते. तिचा पायगुण, तिच्या माहेरची करणी, मागल्या जन्मीचे भोग! विहारात बावीस प्रतिज्ञा म्हणणाऱ्या घरांतही अंगारा येतो, हे आम्ही पाहिले आहे. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माची कल्पना नाकारली. ती खरोखर नाकारायची तर आजाराचे कारण समजून घेतले पाहिजे. म्हणून ही हकिकत.

१९५२ साली अमेरिकन लष्करातील डॉक्टर ऑग्डेन ब्रुटन यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता. चार वर्षांत एकोणीस वेळा त्याच्या रक्तात जंतू पसरले होते. ब्रुटन यांनी रक्त तपासले, तर त्यात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रतिद्रव्ये, जवळजवळ नव्हतीच. त्यांनी तीच प्रतिद्रव्ये इंजेक्शनने दर महिन्याला दिली आणि मुलगा सावरला. पण ती तयार का होत नव्हती, हे कळायला १९९३ साल उजाडले.

प्रतिद्रव्ये 'बी' जातीच्या पांढऱ्या पेशी बनवतात. पेशीच्या अंगावर बाहेरून खूण पटली की निरोप आत न्यावा लागतो. तो नेण्याची रीत कचेरीतल्या कागदासारखी आहे. शिक्का बसल्याखेरीज कागद पुढल्या टेबलावर सरकत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको! पेशीत हा शिक्का म्हणजे फॉस्फेटचा एक लहानसा कण. तो मारणाऱ्या प्रथिनाला कायनेज म्हणतात. शिक्का बसला की पुढले प्रथिन जागे होते. काम झाले की दुसरे प्रथिन तो पुसून टाकते. शिक्का मारण्या-पुसण्याचा हा व्यवहार एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर यांनी १९५० च्या दशकात स्नायूंत शोधला; १९९२ साली त्यांना नोबेल मिळाले.

पुढल्याच वर्षी लंडन आणि लॉस एंजेलिस येथील संशोधकांना त्या आजारातले बिघडलेले प्रथिन सापडले. तेही शिक्का मारणारेच निघाले. त्याला ब्रुटन यांचे नाव मिळाले, थोडक्यात बीटीके. ते नसले की बी पेशी हाडांच्या मगजातच अर्धवट वाढून थांबतात. रक्तात त्या येतच नाहीत, मग प्रतिद्रव्ये कोण बनवणार?

या प्रथिनाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलीला दोन एक्स, म्हणून एक बिघडले तरी दुसरे काम भागवते. मुलाला एकच, तोही आईकडून मिळालेला. सासरची मंडळी येथेच म्हणतील, "बघा, शेवटी आईकडूनच आले!" त्यांना आमचे सांगणे असे, की आईने हा बिघाड घडवलेला नाही, पुष्कळदा तिला त्याचा पत्ताही नसतो. कित्येक मुलांत तर आईचे जनुक निर्दोष असून बिघाड नव्यानेच झालेला असतो. दोष लावायला माणूस शोधणे हेच मुळी चूक.

जन्मानंतर काही महिने आईकडून मिळालेली प्रतिद्रव्ये बाळाला सांभाळतात. ती सरली की, साधारण सहा महिन्यांनंतर, कान वाहणे, न्यूमोनिया, जुलाब यांचा फेरा सुरू होतो. घशातल्या गाठी, ज्यांना टॉन्सिल म्हणतात, अगदी लहान असतात किंवा दिसतच नाहीत. मामा किंवा मावसभाऊ लहानपणीच असाच दगावला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. रक्तातील इम्युनोग्लोब्युलिन तपासा, एवढे म्हटले तरी पुरे. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत अशा आजारांचा तपास होतो.

उपचार जन्मभराचा आहे. दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते आणि ते महाग आहे. हजारो दात्यांच्या रक्तातील द्रवापासून ते बनते. बाटलीवर कुणाची जात लिहिलेली नसते. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात हा आजार आहे, तेव्हा मदतीची चौकशी रुग्णालयातच करावी.

निदान झालेल्या मुलाला पोलिओचे थेंब देऊ नयेत, कारण त्यांत जिवंत विषाणू असतात. घरातल्या इतर मुलांच्या लसींबद्दलही डॉक्टरांना आधी विचारावे. बाकी निरोगी मुलांना मात्र थेंब चुकवू नका.